गावकी, ग्रुप आणि भरवसा

आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाची वार्षिक सभा एका शाळेच्या वर्गात भरते. लहान मुलांच्या बाकांवर साठीतली माणसे गुडघे आखडून बसतात आणि इतिवृत्त वाचून झाले की जमाखर्चाला हात घातला जातो. काही वर्षांपूर्वीच्या सभेत आमचा तरुण खजिनदार उठून म्हणाला, की सगळा हिशेब पावत्यांच्या फोटोंसह ग्रुपवर टाकलेला आहे, तेव्हा तो पुन्हा वाचण्यात वेळ घालवू नये. मागच्या बाकावरून गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा म्हणाले, "टाकलास रे बाबा, पण सांगितलास कुठं?"

वर्गात हशा पिकला. मला मात्र त्या प्रश्नाने पुढे बरेच वाचायला लावले. आजोबांच्या मोबाइलवर ते फोटो आलेले होते आणि त्यांनी ते पाहिलेही होते. हिशेबात खोट आहे असा त्यांचा आरोप नव्हता. चारचौघांत उभे राहून, कोणीही मध्येच अडवू शकेल अशा रीतीने जे सांगितले जाते, त्यालाच ते 'सांगणे' म्हणत होते. सामाजिक सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या दृष्टीने माहिती पोचली की काम झाले. आमच्याकडे सांगणारा उत्तर द्यायला समोर उभा राहिला म्हणजे काम सुरू होते. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतल्या अनुभवावरून मी या फरकाची चिकित्सा करणार आहे. मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नाही. शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी पुस्तके वाचणारा आणि मंडळांच्या जुन्या वह्या चाळणारा माणूस आहे. त्यामुळे तंत्राबद्दल बेताने आणि माणसांबद्दल थोडे अधिक बोलेन.

पत्रापासून ग्रुपपर्यंत

सह्याद्रीच्या पायथ्याच्या या मुलखात शेतीवर वर्ष निघत नसे. घरटी एखादा तरी माणूस मुंबईला गिरणीत, गोदीत किंवा खानावळीत असायचा. गावची खोली, त्या खोलीतले मंडळ आणि मंडळाची वर्गणी यांवर गावचे देऊळ, शाळेची भिंत, विहिरीचा गाळ ही कामे उभी राहिली. गाव आणि मुंबई यांच्यात दळणवळण होते ते पत्राचे आणि मनीऑर्डरीचे.

हे दळणवळण खासगी नव्हते, हे आज सहज विसरले जाते. लिहिता न येणारा कामगार शेजाऱ्याकडून पत्र लिहून घेई. गावात ते पोस्टमन किंवा शाळेत जाणारा मुलगा वाचून दाखवी. मनीऑर्डरीवर अंगठा उमटवताना साक्षीला कोणीतरी असे. किती पैसे आले हे आळीला कळे, आणि ते कळणे हीच पैसे पोचल्याची खात्री असे. उलट काही गोष्टी पत्रात कधीच नसत. सुनेचे दुखणे, भावांतला तंटा, मुलीच्या स्थळाची बोलणी हे सारे गावी जाणाऱ्या विश्वासू माणसाबरोबर तोंडी पाठवले जाई.

अमेरिकी तत्त्वज्ञ हेलन निसेनबाम यांनी खासगीपणाचा जो विचार मांडला आहे, तो वाचताना मला ही पत्रे आठवली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की माहिती मुळात गुप्त किंवा उघड नसते. ती ज्या संदर्भात दिली गेली त्या संदर्भाचे काही संकेत असतात आणि ते मोडले की माणसाला विश्वासघात झाल्यासारखे वाटते. आमच्या देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची नावे रकमेसह रंगवलेली असतात. पैशाचा आकडा खासगी मानणाऱ्या समाजाला हे विचित्र वाटेल. पण त्याच भिंतीवर कोणाच्या आजाराचा उल्लेख झाला तर गाव पेटेल. कोणती गोष्ट भिंतीवर आणि कोणती कानात, हे इथल्या माणसाला न शिकवता कळते.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये भिंत आणि कान एकच झाले आहेत. वर्गणीची यादी, दहाव्याचा निरोप, सुप्रभाताचे फूल आणि कोणाच्या तरी रुग्णालयातला फोटो एकाखाली एक येतात. २०१९ साली आपल्याला ग्रुपमध्ये कोणी घ्यावे हे ठरवण्याची सोय व्हॉट्सॲपने दिली. सोय चांगली आहे. पण भावकीतल्या माणसाला 'आधी माझी परवानगी घे' असे सांगणे म्हणजे नाते तोडण्याची सुरुवात समजली जाते, तिथे ती सोय कोण वापरणार? बटण आहे, पण ते दाबण्याची किंमत ते बनवणाऱ्याने मोजलेली नाही.

संस्कृती म्हणजे कोणाची संस्कृती?

यावर अभ्यासकांचे उत्तर ठरलेले असते: सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या संस्कृतीला अनुसरून घडवावे. यात दोन धारा आहेत. एक, डच समाजमानसशास्त्रज्ञ हेर्ट हॉफस्टेड यांची. त्यांनी आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या पाहण्यांवरून १९८० साली राष्ट्रीय संस्कृतींचे मोजमाप मांडले. कोणता देश व्यक्तिवादी, कोणता समूहवादी, कुठे अधिकाराचे अंतर जास्त, असे आकडे त्यातून आले आणि पुढे संगणकाच्या पडद्यांची आखणी करणाऱ्यांनीही ते उचलले. दुसरी धारा अमेरिकेतल्या बाट्या फ्रीडमन यांची. तंत्रज्ञान घडवताना मानवी मूल्यांचा विचार आरंभापासून करावा, आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्यांबरोबरच ज्यांच्यावर त्याचा अप्रत्यक्ष परिणाम होतो त्यांनाही विचारात घ्यावे, असा त्यांचा आग्रह आहे.

पहिल्या धारेबद्दल माझा आक्षेप स्पष्ट आहे. एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या नोकरदारांवरून देशाची संस्कृती ठरवणे ही एक अडचण झाली. त्याहून मोठी अडचण म्हणजे 'समूह' हा शब्द उच्चारला की समूहाच्या आतले आणि बाहेरचे कोण, हा प्रश्नच गळून पडतो. हा प्रश्न ज्या गावात विचारला गेला, ते गाव महाड आहे.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर परवानगी मिळाली, पण तीन वर्षे कोणा अस्पृश्य माणसाला त्या पाण्याला हात लावता आला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर गावात एक बातमी पसरली, की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. बातमी खोटी होती. पण जमाव जमला आणि मंडपात जेवत असलेल्या, गावाकडे परतत असलेल्या माणसांवर हल्ले झाले. पुढे तळे 'शुद्ध' करण्यात आले, ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि तळ्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून लागायला १७ मार्च १९३७ उजाडले.

अफवेचा दोष सरसकट मोबाइलला देणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. १९२७ च्या महाडात ती बातमी तोंडातून कानात गेली आणि तासा-दोन तासांत तिने गाव उठवले. ती पसरली कारण सांगणारा प्रत्येक जण ऐकणाऱ्याचा आपला होता. परस्परांवरचा भरवसा हेच अफवेचे वाहन होते. भरवसा ही नेहमी चांगलीच गोष्ट असते, आणि तो वाढवणारे सॉफ्टवेअर तेवढे उत्तम, हे गृहीतच त्यामुळे डळमळते. कोणत्या वर्तुळातला भरवसा, आणि त्या वर्तुळाबाहेर कोण उभे आहे, हे आधी विचारले पाहिजे. फ्रीडमन यांच्या 'अप्रत्यक्ष परिणाम' या कल्पनेला इथे खरा अर्थ येतो. अफवेचा सर्वांत मोठा परिणाम ज्याच्यावर होतो, तो बहुधा त्या ग्रुपमध्ये नसतोच.

पाच जणांची मर्यादा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून पसरत होते. मारले गेलेले भिक्षुकीवर जगणारे, मंगळवेढ्याकडचे लोक होते. फिरस्ता गोसावी दारात आला तर त्याला पीठ घालणारा हा महाराष्ट्र. एका संदेशाने तो वैरी झाला.

याच महिन्यात व्हॉट्सॲपने दोन बदल केले. पुढे ढकललेल्या संदेशावर तसा शिक्का दिसू लागला, आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली आणि एप्रिल २०२० मध्ये फार वेळा पुढे गेलेल्या संदेशाला एकाच ठिकाणची मर्यादा आली.

हे बदल निरुपयोगी होते असे मी म्हणणार नाही. वेग कमी होणे ही मोठी गोष्ट आहे. पण पाच म्हणजे पाच माणसे नव्हेत. त्या वेळी एका ग्रुपमध्ये २५६ माणसे मावत. पाच ग्रुप म्हणजे १,२८० माणसे. आमच्या दोन्ही तालुक्यांत अनेक वाड्यांची वस्ती याहून कमी आहे. दुसरे असे, की शिक्का 'हा मजकूर पाठवणाऱ्याचा स्वतःचा नाही' एवढे सांगतो. ज्याला लेखक महत्त्वाचा वाटतो त्याला ती सूचना पुरते. आमच्याकडे निरोपाची किंमत आणणाऱ्यावर ठरत आली आहे. मामाने पाठवले म्हणजे मामाने पारखून पाठवले, असे धरले जाते. मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या काहींना तर तो शिक्का भरवशाची खूण वाटत होता: इतक्या जणांनी पुढे पाठवले, म्हणजे काहीतरी असणारच. शिक्का करणाऱ्याने सावधगिरी लिहिली आणि वाचणाऱ्याने शिफारस वाचली.

याच्या उलट अनुभव पुराचा. या भागाला पावसाने वारंवार मारले आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना दगडी पूल एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले आणि त्याच संध्याकाळी तळिये गावच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दिवसांत वीज नव्हती, मोबाइल लागत नव्हते. मुंबईत बसलेले आम्ही ग्रुपकडे डोळे लावून होतो. ग्रुप मुका नव्हता. उलट जुने व्हिडिओ, दुसऱ्याच नदीचे फोटो, कुठले तरी धरण फुटल्याचे संदेश यांनी भरून वाहत होता. त्या गोंधळात लोकांनी कशावर विश्वास ठेवला, हे पुढे मी मुद्दाम विचारत गेलो. बहुतेकांचे उत्तर एकच आले: ओळखीच्या आवाजावर. उंचावर चढून रेंज मिळालेल्या एखाद्याने पाठवलेला अर्ध्या मिनिटाचा आवाज, त्यात पावसाचा नाद, धाप आणि नावे. 'अमक्याच्या घरची सगळी वर आलीत, तमक्याचा पत्ता नाही.' तो आवाज कोणाचा हे सांगावे लागत नव्हते, आणि चुकला तर उद्या त्यालाच तोंड दाखवायचे होते.

सत्य ओळखण्याचे यंत्र आमच्याजवळ नव्हते. जाब विचारता येईल असा माणूस होता. आजोबांचे 'सांगितलास कुठं' ते हेच.

एका बोटाचे वाळीत

इथवर गावच्या रीतीची बाजू मांडली. आता तिचा दुसरा चेहरा, आणि त्यात माझा हात.

रायगड जिल्हा गावकीच्या बहिष्कारासाठी बदनाम झालेला आहे. वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी इथून वारंवार आल्या. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, असा स्वतंत्र कायदा करणारे ते पहिले राज्य ठरले, आणि जुलै २०१७ पासून तो अमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यात आहेत.

२०१९ च्या शिमग्याआधी मी आमच्या वाडीच्या ग्रुपचा एक ॲडमिन होतो. देवळाच्या पत्र्यांच्या खर्चाचे बिल एक गृहस्थ ग्रुपवर पुन्हा पुन्हा मागत होते. सूर तिखट होता, हे खरे. काही जण चिडले, मला फोन आले. एका रात्री मी त्यांना ग्रुपमधून काढले. सभा झाली नाही, ठराव झाला नाही, त्यांचे म्हणणे कोणी ऐकले नाही. बोटाचा एक स्पर्श, एवढेच.

त्यांना वाळीत टाकावे असे कोणाच्याही मनात नव्हते. पण पालखी कोणत्या दिवशी कोणाच्या दारी, वर्गणीचा दर किती, हे सगळे आता ग्रुपवरच कळवले जात होते. पावसाळ्यात त्यांच्या भावकीतले एक वृद्ध वारले. निरोप ग्रुपवर पडला. ते गृहस्थ गावी पोचले तेव्हा चिता विझत आली होती. त्यांना कोणी कळवले नाही, कारण कोणीतरी कळवले असेल असे प्रत्येकाने धरले.

जुन्या गावकीत वाळीत टाकायला निदान बैठक बसवावी लागे. चार पंच बोलत, एखादा विरोध करी, आणि कायद्याला पुढे बोट ठेवायला माणसे सापडत. आमच्या बाबतीत बहिष्कार घडला आणि तो कोणीच टाकला नव्हता. अमेरिकी कायदेपंडित लॉरेन्स लेसिग यांनी १९९९ मध्ये मांडले, की संगणकाच्या जगात कोड हाच कायद्यासारखा वागणूक ठरवतो. माझ्या हातातल्या कायद्यात नोटीस, सुनावणी आणि अपील यांपैकी काहीच नव्हते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये एका प्रकरणात असा निर्णय दिला, की समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत असल्याखेरीज सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ग्रुपच्या ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. त्याचा अधिकार सदस्य घेण्या-काढण्यापुरता मर्यादित आहे. निर्णय योग्यच आहे. पण तो वाचताना मी थबकलो. कायद्याच्या नजरेत जो अधिकार मर्यादित, तोच गावकीच्या नजरेत सर्वांत मोठा आहे. कोण आत आणि कोण बाहेर, याखेरीज गावकीजवळ दुसरी सत्ता होती तरी कोणती?

मग मागायचे काय?

'सॉफ्टवेअर संस्कृतीला अनुरूप हवे' या सूत्रावर माझा विश्वास यामुळेच उडाला. आमच्या संस्कृतीला ग्रुप आधीच पुरेसा अनुरूप आहे. आमच्या ग्रुपमध्ये घरटी एक माणूस, तो बहुतेक पुरुष. हे माप व्हॉट्सॲपने दिलेले नाही, ते गावकीच्या घरटी वर्गणीचे आहे. सुना त्यात नाहीत. आम्ही आमची गावकी मोबाइलमध्ये जशीच्या तशी नेली आणि तिच्यातली बैठक तेवढी वगळली.

याला उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. त्याच वाड्यांत महिलांचे बचत गट चालतात. महिन्याला बैठक, रक्कम सर्वांसमोर मोजायची, वही मोठ्याने वाचायची, सह्या किंवा अंगठे घ्यायचे. चांगल्या चाललेल्या गटात पदे आलटून-पालटून दिली जातात आणि सदस्य कमी करायचा तर त्याचीही नोंद वहीत होते. तिथला भरवसा रक्ताच्या नात्यावर कमी आणि रोजच्या शिस्तीवर जास्त उभा आहे. सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांनी गावाकडून शिकायचेच असेल तर ते गावकीच्या पारावर न बसता या वहीशी बसावे. ॲडमिनपद मुदतीचे करता येईल. काढण्यापूर्वी कारण लिहिणे आणि दोघांची संमती घेणे सक्तीचे करता येईल. काढलेल्याला आपले म्हणणे एकदा सर्वांपुढे ठेवता येईल. यात अवघड तंत्र काहीच नाही. २०२२ पासून ग्रुपमधून गाजावाजा न करता बाहेर पडण्याची सोय मिळालीच आहे. जाणाऱ्याची अब्रू राखता येते, तर घालवल्या जाणाऱ्याची का नाही?

मी त्या गृहस्थांना भेटलो, चूक कबूल केली आणि ग्रुपमध्ये परत घेतो म्हणालो. ते म्हणाले, "ग्रुपवर नको. सभेत सांग."

पुढच्या सभेत त्याच लहान बाकांमध्ये उभे राहून मी सांगितले. पत्र्यांचे बिलही वाचले गेले. हिशेब बरोबर होता, एक पावती तेवढी गहाळ होती. सभेच्या ठरावाशिवाय कोणालाही ग्रुपमधून काढू नये, असा ठराव तीन जणांच्या विरोधासह मंजूर झाला आणि विरोध करणाऱ्यांची नावेही इतिवृत्तात आली. सुनांना सदस्य करून घेण्याचा विषय मात्र पुढच्या सभेवर ढकलला गेला आहे. तो तिथेच आहे.